जाम झालेली जुनी विद्युत मोटार कशी सोडवावी?

विहीर आटली किंवा पाणबुडी पंप बसवला, की काठावरची जुनी मोनोब्लॉक मोटार गोठ्याच्या कोपऱ्यात जाते. २०१८ च्या दुष्काळात अशा कितीतरी मोटारी बंद पडून राहिल्या. पुढे विहिरीला पाणी येते, गव्हाची पाळी तोंडावर असते आणि तेव्हा मोटारीची आठवण होते. पण शाफ्ट जागचा हलत नाही. अशा वेळी ‘एकदा करंट देऊन पाहू, झटक्याने सुटेल’ असा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये.

५ अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पूर्ण भारावर साधारण ७ ते ७.५ अँपिअर प्रवाह घेते. रोटर अडकलेला असेल तर हाच प्रवाह ५ ते ७ पट होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ६ पट प्रवाहाला ३६ पट उष्णता. शिवाय थंड करणारा पंखाही बंद. स्टार्टरचा रिले वेळेवर सुटला नाही, तर वायंडिंग पाहता पाहता जळते. जी मोटार काही शेकड्यांच्या बेअरिंगवर चालू झाली असती, तिला मग हजारो रुपयांचे रिवाइंडिंग करावे लागते.

प्रथम वीज तोडावी

मोटारीला हात लावण्यापूर्वी फ्यूज काढून खिशात ठेवावेत व केबल स्टार्टरमधून सोडवावी. आपल्याकडे अनेक स्टार्टरना ‘ऑटो’ जोडलेला असतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, आणि वीज केव्हा येईल याचा नेम नाही. नुसते बटण बंद करून काम करू नये.

अडकले कोठे?

मोनोब्लॉकमध्ये मोटार व पंप यांचा शाफ्ट एकच असतो. त्यामुळे मोटार जाम आहे असे वाटते, पण बऱ्याचदा दोष पंपात निघतो. पंपाचे आवरण काढून पाहावे. आतला पंखा व रिंग यांच्यात गाळ आणि गंज घट्ट बसलेला असतो. ग्लँडची दोरी वाळून शाफ्टला चिकटलेली असते. तिचे नट ढिले करून जुनी दोरी आकड्याने ओढून काढावी. पंखा काढल्यावर शाफ्ट हाताने फिरला, तर मोटार उघडण्याची गरज नाही. पंख्याचा नट सोडवताना आटे उजवे की डावे हे आधी पाहून घ्यावे, नाहीतर सोडवण्याऐवजी आपण तो आवळत बसतो.

गंजलेले भाग सोडवणे

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून बारीक फट भरून जाते व भाग एकमेकांना धरतात. येथे ताकदीपेक्षा वेळ उपयोगी पडतो. रॉकेल आता सहज मिळत नाही. डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा गंज सोडवणारा फवारा वापरून सांध्यावर दिवसातून दोन-तीन वेळा थेंब सोडावेत. प्रत्येक वेळी लाकडी ठोकळा मध्ये ठेवून हलके ठोके द्यावेत. ठोक्याच्या कंपनाने तेल आत उतरते. असे दोन दिवस केल्यावर शाफ्ट दोन्ही दिशांना थोडा थोडा हलवावा. एकाच दिशेने जोर लावू नये. तेल वायंडिंगवर जाऊ देऊ नये.

शाफ्टच्या टोकावर लोखंडी हातोडीने थेट मारू नये. टोक पसरले, की त्यावरून बेअरिंग निघत नाही. गंजलेला बोल्ट प्रथम किंचित आवळावा, मग सोडवावा. एकदम उलट ओढल्यास डोके तुटते.

उष्णता द्यायची तर प्रथम तेल पुसून घ्यावे व फक्त सुटा केलेला भाग तापवावा. वायंडिंगजवळ ज्योत नेऊ नये. पंख्याच्या पोकळीत पाणी किंवा तेल अडकलेले असेल, तर वाफेच्या दाबाने तो फुटून इजा होऊ शकते. म्हणून पंखा तापवण्याच्या फंदात पडू नये, हे उत्तम.

बेअरिंग आणि रोटर

मोटार उघडण्यापूर्वी दोन्ही झाकणे व मधला भाग यांवर पोगराने खुणा कराव्यात. बेअरिंग पुलरनेच, आतल्या कडीला पकडून ओढावे. गंजलेले बेअरिंग धुऊन पुन्हा बसवण्याची काटकसर करू नये. छर्ऱ्यांच्या वाटेवर पडलेले खड्डे ग्रीसने बुजत नाहीत. जुन्या बेअरिंगवरचा क्रमांक पाहून तेच आणावे. नवे बेअरिंग स्वच्छ तेलात ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, की शाफ्टवर सहज सरकते. ग्रीस निम्म्या जागेपेक्षा जास्त भरू नये. जादा ग्रीसने बेअरिंग तापते.

रोटर स्टेटरला गंजाने चिकटला असेल, तर बारीक पॉलिश पेपरने गंज काढावा. काही ठिकाणी रोटर लेथवर घासून देतात. त्यामुळे मधली हवेची फट वाढते, मोटार जास्त प्रवाह ओढते व पॉवर फॅक्टर घसरतो. हे काम करू देऊ नये.

जोडणी व चाचणी

बंद मोटारीच्या वायंडिंगमध्ये दमट हवा मुरलेली असते. स्टेटर दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवावा किंवा आत १०० वॅटचा दिवा रात्रभर पेटता ठेवावा. दिवा वायंडिंगला टेकू नये. नंतर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासणी करून घ्यावी. रीडिंग १ मेगओहमपेक्षा कमी आले, तर मोटार पुन्हा वाळवावी. वीज जोडू नये.

झाकणांचे बोल्ट समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे आवळावेत व प्रत्येक वेळी शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो अडला तर झाकण तिरपे बसले आहे असे समजावे. अर्थिंगची तार न विसरता जोडावी. पंपात पाणी भरल्याशिवाय मोटार सुरू करू नये. सुरू केल्यावर तिन्ही फेजचा प्रवाह मोजून नामपट्टीवरील आकड्याशी ताडून पाहावा. पहिला अर्धा तास बेअरिंगजवळ हात लावून पाहावा. हात टेकवत नाही इतके ते तापले, तर मोटार बंद करून झाकण पुन्हा उघडावे.