शांतिनिकेतनांतील शारदोत्सव

सत्र संपत आलें म्हणजे मुलांचें चित्त वर्गांत राहत नाहीं, हें सर्व शिक्षकांच्या परिचयाचें आहे. बहुतेक शाळांत ही चलबिचल बेशिस्तपणांत जमा होते. बंगालमध्यें बोलपूरजवळ शांतिनिकेतन येथें मात्र ह्या चलबिचलीचेंच एक नाटक झालें. शाळेंतील समारंभ कोणासाठीं करावयाचा, हा प्रश्न आमच्यापुढें दरवर्षीं संमेलनाच्या वेळीं उभा राहतो. म्हणून त्या नाटकाचा व त्या उत्सवाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रवींद्रनाथ ठाकूर यांनीं ही शाळा 1901 सालच्या डिसेंबरांत अवघ्या 5 विद्यार्थ्यांनिशीं काढिली. वर्ग झाडांखालीं भरत. गायन व अभिनय हे तेथें फावल्या वेळचे विषय नव्हते. गणित-व्याकरणाच्या पंक्तीस ते बसत. पुढें 1919 सालीं कलाभवन निघालें, व नंदलाल बसूंसारख्या चित्रकाराच्या हाताखालीं विद्यार्थी चित्रकला शिकूं लागले. आमच्या कोल्हापूरचे विनायक मासोजी तेथेंच शिकले आणि तेथेंच शिक्षक झाले, हें ऐकून वाचकांस आनंद होईल.

आपणांकडे जशी दिवाळीची, तशी तिकडे दुर्गापूजेची सुटी मोठी. तिच्या अगोदरचे दिवस शरदाचे. पाऊस उघडलेला, आकाश निवळलेलें, मोकळ्या रानांत काशाचे पांढरे तुरे, पारिजातकाखालीं फुलांचा सडा! अशा दिवसांत पुस्तकांत डोकें घालून बसणें मोठ्यांनाही जड जातें. ह्या सुटीपूर्वीं विद्यार्थ्यांनीं करावें म्हणून रवींद्रनाथांनीं 1908 सालीं 'शारदोत्सव' हें नाटक लिहिलें.

कथानक अगदीं लहान आहे. सुटी लागलेलीं मुलें गात बागडत बाहेर पडतात, आणि लक्षेश्वर नांवाचा कृपण सावकार त्यांच्यावर खेंकसतो. 'ठाकुरदादा' म्हणून एक वृद्ध गृहस्थ मुलांचा सोबती होतो. एवढ्यांत एक संन्यासी येतो. हा वस्तुतः वेषांतर केलेला सम्राट विजयादित्य. परंतु आमच्या मतें नाटकाचा खरा नायक उपनंद हा मुलगा होय. त्याचे गुरु, वीणा वाजविणारे सुरसेन, लक्षेश्वराचें ऋण मागें ठेवून वारले आहेत. तें फेडण्यासाठीं हा मुलगा पोथ्यांच्या नकला करीत बसला आहे. सर्वांना सुटी आहे, त्याला नाहीं.

येथें एखाद्या साधारण लेखकानें उपनंदास काम टाकून खेळावयास धाडिलें असतें, किंवा खेळणाऱ्या मुलांस त्याचा कित्ता पुढें ठेवून उपदेश केला असता. रवींद्रनाथ दोन्हीही करीत नाहींत. संन्यासी स्वतः पोथी लिहावयास मागतो, आणि तें पाहून मुलेंही आम्हीं लिहूं म्हणून पुढें येतात. त्यांना ती शिक्षा वाटत नाहीं, मौज वाटते. प्रेमानें फेडलेलें ऋण हाही उत्सवच, असा कवीचा अभिप्राय आहे. 1921 सालीं त्यांनीं हें नाटक पुन्हां लिहून काढिलें, तेव्हां त्याला 'ऋणशोध', म्हणजे ऋणाची फेड, असें नांव दिलें.

नाट्यदृष्ट्या हा खेळ सैल आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. शाळेस मात्र तो बेताचा बसतो. स्त्रीपात्र एकही नाहीं. मुलांचा सबंध घोळकाच एक पात्र असल्यामुळें ज्याला सुरांत सूर मिळवितां येतो त्याला रंगभूमीवर जागा आहे. रंगविलेल्या पडद्यांविरुद्ध रवींद्रनाथांनीं 'रंगमंच' ह्या निबंधांत पूर्वींच आपलें मत मांडिलें होतें. शिवाय शिक्षकही मुलांबरोबर नटत. संन्याशाची भूमिका तर स्वतः रवींद्रनाथांनीं केली आहे. आमच्या संमेलनांत चार गोड गळ्याचे विद्यार्थी दरवर्षीं पुढें येतात, बाकीचे टाळ्या वाजवितात व शिक्षक पाहुण्यांच्या खुर्च्या मोजतात. ह्या दोन रीतींतील अंतर वाचकांनींच पाहावें.

सुटीपूर्वींचा दुसरा सोहळा म्हणजे महालयेच्या दिवशीं भरणारा आनंदबाजार. आश्रमांतील गौरप्रांगणांत विद्यार्थी स्वतः दुकानें मांडितात. कोणी खाद्यपदार्थ करून आणतो, कोणी हातांनीं केलेल्या वस्तु विकावयास ठेवितो. गिऱ्हाइकांस हाका मारणें, भाव करणें, सुटे पैसे मोजणें हें सर्व मुलांकडेच. एरव्हीं ज्या मुलास कवितेच्या दोन ओळी म्हणतांना कांपरें भरतें, तोही येथें ओरडून ओरडून आपला माल खपवूं शकतो. ह्या विक्रींतून जो नफा उरतो, तो गरिबांच्या साह्यासाठीं दिला जातो. मग पूजेची सुटी लागते, आणि मुलें आपापल्या गांवीं जातात.