बर्फाच्या कडेचा रंगीत पक्षी : मोनाल

बालमित्रांनो, मोर आपण सर्वांनी पाहिला आहे. पण मोराच्याच कुळातला एक पक्षी पार बर्फाच्या कडेला राहतो, हे ठाऊक आहे का? त्याचे नाव मोनाल. नेपाळात त्याला डांफे म्हणतात. तो नेपाळचा राष्ट्रीय पक्षी आणि आपल्या उत्तराखंडचा राज्यपक्षी आहे.

कोठे राहतो? : हिमालयाच्या उतारांवर, साधारण २,१०० ते ४,५०० मीटर उंचीवर. आपले सर्वांत उंच कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. म्हणजे मोनालचे घर त्याच्याही वर! उन्हाळ्यात तो उंचावरच्या कुरणांत चरतो. थंडीत बर्फ पडले, की खालच्या रानात उतरतो.

रूप : नराचे डोके हिरवे, मान तांब्यासारखी, पाठ निळी-जांभळी, शेपटी तांबूस आणि डोक्यावर मोरासारखा तुरा. ही चमक नुसत्या रंगाची नव्हे. पिसांच्या बारीक रचनेवर ऊन पडले, की साबणाच्या फुग्यासारखे रंग झळकतात. मादी मात्र साधी तपकिरी, गळा तेवढा पांढरा. तिला भपका परवडत नाही! झुडपाखाली किंवा खडकाच्या आडोशाला, जमिनीवरच ती ३ ते ५ अंडी घालते आणि एकटीच सुमारे २७ दिवस उबवते. मातीच्या रंगामुळे ती शत्रूला चटकन दिसत नाही.

खाणे : वाकडी, बळकट चोच म्हणजे त्याची कुदळ. तिने माती आणि बर्फसुद्धा उकरून तो कंद, मुळे व किडे खातो.

आता दुःखाची गोष्ट. हा सुंदर तुराच त्याच्या जिवावर उठला. हिमाचल प्रदेशात पुरुष तो टोपीत खोवत, म्हणून नर मारले जात. तेथे १९८२ साली शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचेही त्याला संरक्षण आहे. आपल्या फेट्याचा तुरा तर कापडाचाच असतो, तरी तो शोभतोच ना?

मोनाल आपल्यापासून फार लांब. पण साळुंकी, चिमणी, होला तर दारातच आहेत. मग आपल्या खिशातली गलोल कशाला? पालकांनो, आज घरी गेल्यावर मुलांचे खिसे जरूर बघा!

सांगा पाहू :
१) मादीचा रंग साधा का असतो?
२) मोनाल थंडीत खाली का येतो?
३) गलोल टाकून देणार ना?