केस का गळतात? आधी बग शोधा, मग बाटली घ्या



लंडनमध्ये चार मराठी माणसं जमली की घरांच्या किमतींवरून गाडी हळूच केसांवर येते. "इथल्या पाण्याने केस पार गेले हो!" हे वाक्य तर ठरलेलंच. मी डॉक्टर नाही, साधा सॉफ्टवेअरवाला. पण दिवसभर बग शोधायची सवय, म्हणून या विषयात खात्रीचं जे वाचायला मिळालं ते थोडक्यात मांडतो.

१. आधी सिस्टीम समजून घेऊ

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. एक केस २ ते ६ वर्षे, महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. मग वाढ थांबते, सुमारे तीन महिने तो नुसता बसून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा केस येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणं अगदी नॉर्मल आहे.

मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा उपाशी राहून केलेलं डाएट, अशा धक्क्याने बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळू लागतात. म्हणजे एरर आज दिसतो, बग मात्र तीन महिन्यांपूर्वीचा! आपण दोष देतो तो गेल्या आठवड्यात बदललेल्या शाम्पूला. असं गळणं बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबतं, आणि श्रेय मिळतं ते त्या वेळी घेतलेल्या महागड्या बाटलीला.

२. पाणी, तेल आणि कंगवा

शाळेत शिकलेलं 'दुष्फेन पाणी' आठवतंय? लंडनचं पाणी तेच. किटलीच्या तळाशी पांढरा थर जमतो ना, तेच क्षार केसांवर बसतात. केस राठ होतात, गुंततात आणि विंचरताना तुटतात. पण तुटणं वेगळं आणि गळणं वेगळं. केसाच्या टोकाला बारीक पांढरा दाणा दिसला तर तो मुळापासून आलेला, नाहीतर तुटलेला. तुटत असतील तर डोक्याला साबण नको, शाम्पूनंतर कंडिशनर लावा, ओले केस रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून सोडवा. रोज घट्ट वेणी किंवा अंबाडाही नको, कपाळावरची केसांची रेषा मागे सरकते.

आणि आजीचं खोबरेल? मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या तेलाने ते साधलं नाही. तेव्हा न्हाण्याआधी तेल जरूर लावा. मात्र तेलाने आहे तो केस टिकतो, नवा उगवत नाही, बरं का!

३. ताटात काय आहे?

केस केरॅटिनचा, म्हणजे प्रथिनाचा बनतो. आपल्या ताटात भाताचा डोंगर आणि वरण पळीभर, हे प्रमाण जरा बदलायला हवं. उसळी, डाळी, दही, पनीर, शेंगदाणे, चालत असेल तर अंडी-मासे रोज असू द्या.

दुसरं म्हणजे लोह. इथल्या सरकारी आरोग्यसेवेनुसार १९ ते ४९ वयाच्या स्त्रीला रोज १४.८ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला ८.७. शाकाहारातलं लोह अंगी कमी लागतं. म्हणून मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर थांबा. अळिवाचे लाडू फक्त बाळंतिणीसाठीच असतात असं कुठे आहे?

शाकाहारी मंडळींनी बी-१२ कडेही लक्ष द्यावं. 'ड' जीवनसत्त्व तर इथल्या हिवाळ्यात उन्हातून मिळत नाही. रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी असा इथला सरकारी सल्लाच आहे.

४. डॉक्टरकडे केव्हा?

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. केस गळतात आणि सोबत थकवा, जिना चढताना धाप, पाळीत जास्त रक्तस्राव किंवा कारण नसताना वजनात बदल असेल, तर प्रश्न केसांचा नाही. नोकरी, डबे, मुलांचे क्लासेस या धावपळीत आपल्या घरातल्या बायका थकवा अंगावर काढतात आणि केसांसाठी तेवढी बाटली आणतात. जीपीकडे जा, हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड तपासायचं का ते विचारा. तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. चाई पडली, म्हणजे गोल चट्ट्यात केस गेले, तरीही दाखवाच.

'केसांसाठी' म्हणून मिळणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी तसं सांगा. थायरॉइडच्या आणि हार्ट अटॅकच्या काही चाचण्यांचे निकाल त्याने चुकू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली तसा इशारा दिला होता.

पुरुष मंडळींनो, आजोबांकडून वारसाहक्काने आलेलं टक्कल कुठल्याही तेलाने थांबत नाही. औषधं आहेत, पण लवकर सुरू केली तरच जास्त उपयोगी.

थोडक्यात काय, तर केस ही शरीराची लॉग फाइल आहे. ती पुसून टाकायच्या मागे लागू नका, वाचा. आज घरी गेल्यावर एकमेकांना एवढंच विचारा, "केसांचं राहू दे, तुला हल्ली दमायला होतं का?"