जमिनीत मुरलेले विष

(वरिष्ठ प्राथमिक वर्गांच्या सामान्य विज्ञान व आरोग्य या विषयांसाठी पाठ-टिपण)

पाठाचा हेतू : जमिनीत मिसळलेले जड धातू पिकांवाटे मनुष्याच्या शरीरात कसे पोहोचतात, हे एका घडलेल्या उदाहरणावरून विद्यार्थ्यांस समजावून देणे, आणि निरीक्षण, तुलना व पृथक्करण या मार्गांनी शास्त्रज्ञ कारणापर्यंत कसे जातात, याची त्यांना ओळख करून देणे.

विषयप्रवेश

पीक जमिनीतून पाणी व क्षार शोषून घेते, हे विद्यार्थ्यांस ठाऊक असते. परंतु पोषक द्रव्य कोणते आणि घातक कोणते, याचा पुरता विवेक मुळांना नसतो. जस्त हा धातू वनस्पतींना अल्प प्रमाणात आवश्यक असतो. कॅडमियम हा त्याच्याच कुळातला धातू. तो इतका साधर्म्याचा आहे की मुळे त्यालाही आत घेतात. फ्रीड्रिख स्ट्रोमायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१७ साली जस्ताच्या संयुगातूनच त्याचा शोध लावला. जस्ताच्या खनिजात कॅडमियम बहुधा असतेच, ही गोष्ट पुढील हकीकत समजण्यासाठी ध्यानात ठेवावी.

जिंझू नदीकाठची व्याधी

जपानमध्ये तोयामा प्रांतातून जिंझू नावाची नदी वाहते व उत्तरेस समुद्राला मिळते. तिच्या वरच्या अंगाला, डोंगराळ भागात, मित्सुई कंपनीची कामिओका ही जस्त व शिसे यांची मोठी खाण होती. खाणीतील सांडपाणी व खनिजाचा बारीक गाळ उपनदीवाटे जिंझू नदीत येई. खालच्या सपाट प्रदेशातील शेतकरी त्याच नदीचे पाणी पाटांनी भातखाचरांत घेत आणि पिण्यासाठीही वापरीत.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून या गावांत एक विचित्र दुखणे दिसू लागले. रोगी बहुतेक स्त्रिया असत. त्यातही अनेक बाळंतपणे झालेल्या व उतारवयाकडे झुकलेल्या अधिक. प्रथम कंबर व मांड्या दुखत, मग चाल बदकासारखी होई आणि शेवटी नुसत्या खोकल्याच्या धक्क्यानेही हाड मोडे. एका रुग्ण स्त्रीच्या शरीरात ७२ ठिकाणी अस्थिभंग आढळले. मराठी मनुष्य जेथे 'आई गं' म्हणून कण्हतो, तेथे जपानी मनुष्य 'इताई' म्हणतो. त्यावरून या व्याधीस 'इताई-इताई' हेच नाव पडले. कित्येकांनी तिला पूर्वकर्माचे फळ मानले. त्यामुळे घरचे लोक रोगी लपवून ठेवू लागले आणि वेदनेच्या जोडीला लज्जाही त्या स्त्रियांच्या वाट्यास आली.

कारणाचा माग

नोबोरु हागिनो हे त्या भागातील वैद्य दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, घरी परतले व वडिलार्जित दवाखाना चालवू लागले. त्यांनी रोग्यांची घरे नकाशावर मांडली. जिंझूचे पाणी ज्या शेतांना मिळे तेथे रोगी होते. शेजारच्या दुसऱ्या नद्यांचे पाणी घेणाऱ्या गावांत ते नव्हते. अन्न, हवामान व राहणी दोन्हीकडे सारखीच. फरक काय तो पाण्याचा. १९५७ साली त्यांनी खाणीकडे बोट दाखविले, तेव्हा त्यांची पुष्कळ हेटाळणी झाली. व्याधीचे मूळ निकृष्ट आहारात आहे, असे अनेक तज्ज्ञांचे मत होते.

या ठिकाणी रसायनशास्त्र साहाय्यास आले. ओकायामा विद्यापीठातील जुन कोबायाशी हे नद्यांच्या पाण्याचे पृथक्करण करणारे नामांकित संशोधक होते. १९६० च्या सुमारास त्यांनी पाणी, माती, भात आणि रोग्यांची हाडे व अवयव यांचे नमुने वर्णपटाच्या साहाय्याने तपासले. प्रत्येक मूलद्रव्य तापविले असता ठराविक रंगरेषांचा प्रकाश देते. त्या रेषांवरून अत्यल्प धातूही ओळखता येतो. या नमुन्यांत जस्त व शिसे यांबरोबर कॅडमियम मोठ्या प्रमाणात सापडले. हागिनो व त्यांचे सहकारी किनइची योशिओका यांनी १९६१ साली कॅडमियम हेच कारण असल्याचे जाहीर प्रतिपादन केले.

शेतातील मातीनेही तीच साक्ष दिली. पाटाचे पाणी खाचरात जेथून शिरे त्या तोंडाशी कॅडमियम अधिक, आणि दूरच्या बांधाकडे कमी, असे संशोधकांना आढळले. गाळ जेथे प्रथम बसतो तेथेच विष अधिक साचले होते.

शरीरात काय घडते

भातातून पोटात गेलेले कॅडमियम मूत्रपिंडांत साठते व वर्षानुवर्षे बाहेर पडत नाही. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका त्यामुळे बिघडतात आणि हाडांना लागणारी फॉस्फेटसारखी द्रव्ये मूत्रावाटे निघून जातात. हाडे मऊ पडतात. गर्भारपण व स्तनपान यांत चुना आधीच खर्ची पडलेल्या स्त्रियांवर म्हणूनच हा आघात अधिक झाला. आहाराची उणीव हे पूरक कारण ठरले. मूळ कारण मात्र खाणीतून आलेले कॅडमियमच, असे जपानच्या आरोग्य मंत्रालयाने १९६८ साली अधिकृतपणे मान्य केले. त्याच वर्षी रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली. १९७१ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला व १९७२ साली वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. कारखान्यात केव्हाही प्रवेश करून पाहणी करण्याचा हक्कही रहिवाशांनी करार करून मिळविला.

जमिनीचा उपचार

नदीचे पाणी खाणीवर बंदोबस्त केल्याने पुढे स्वच्छ झाले. परंतु जमीन आपोआप शुद्ध झाली नाही. सेंद्रिय मैला कुजून जातो, धातू कुजत नाही. मातीचे सूक्ष्म कण त्याला धरून ठेवतात. म्हणून दूषित वरचा थर काढून खोल पुरावा, त्यावर घट्ट दाबलेला थर द्यावा व वर निर्मळ माती पसरावी, असा उपाय योजावा लागला. सुमारे ८६३ हेक्टर शेतीचे हे काम २०१२ साली, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळाने, पुरे झाले. त्यास चार हजार कोटी येनहून अधिक खर्च आला. नदीत गाळ सोडताना जे वाचविले, त्याच्या कितीतरी पट पुढे मोजावे लागले.

शेतकऱ्यांस उपयोगी असा आणखी एक शोध लागला. खाचरात पाणी उभे असते तेव्हा मातीतील हवा संपते आणि कॅडमियम गंधकाशी संयोग पावून न विरघळणारे बनते. पाणी काढून जमीन वाळू दिली की ते पुन्हा विरघळते व मुळांस मिळते. यास्तव भात निसवण्याच्या आगेमागे सुमारे तीन आठवडे पाणी उभे ठेवण्याचा सल्ला जपानमध्ये देण्यात येतो. आम्लधर्मी जमिनीत चुना घालण्याचाही असाच उपयोग होतो.

वर्गात करावयाचा प्रयोग

तळाला बारीक छिद्र असलेल्या डब्यात चाळलेली काळी माती भरावी. जखमेस लावण्याचे जांभळे औषध (जेन्शन व्हायोलेट) पाण्यात अगदी थोडे मिसळून शिक्षकांनी स्वतः ते सावकाश मातीवर ओतावे. खाली निघणारे पाणी बरेच फिके असेल. नंतर स्वच्छ पाणी ओतून रंग धुऊन निघतो का, ते मुलांना पाहू द्यावे. मातीने रंग धरून ठेवलेला दिसेल. माती धातूही अशाच रीतीने धरून ठेवते, हे मग सांगावे. आधी सांगू नये.

जिंझू नदीचा नकाशा फळ्यावर काढून खाण, पाट व गावे दाखवावीत आणि रोगाचे कारण मुलांनाच तर्काने शोधू द्यावे.

व्यवहारातील बोध

पुनर्भारणाच्या काही जुन्या बॅटऱ्यांत निकेल व कॅडमियम असते. अशा वस्तू उकिरड्यावर टाकल्यास त्या खताबरोबर शेतात जातात. त्या वेगळ्या ठेवून योग्य जागी देण्याची सवय मुलांस लावावी. तंबाखूचे पान जमिनीतील कॅडमियम विशेष ओढून घेते, हेही आरोग्याच्या पाठात सांगण्यासारखे आहे. आणि गावातील एखादे दुखणे कोणाच्या पापाचे फळ आहे, असे बोलणे कानी आले, तर आधी पाणी, माती व अन्न तपासावे, ही वृत्ती मुलांच्या अंगी बाणली म्हणजे पाठाचे सार्थक झाले.

प्रश्न

१. जस्ताच्या खाणीतून कॅडमियम का बाहेर पडते?
२. हागिनो यांनी रोग्यांची घरे नकाशावर का मांडली?
३. शेताच्या तोंडाशी कॅडमियम अधिक सापडले, यावरून काय अनुमान निघते?
४. नदी स्वच्छ झाल्यावरही जमीन दूषित का राहिली?
५. आपल्या गावचे सांडपाणी कोठून निघते व कोठे जाते, याचा नकाशा काढा.