सिंगापूरच्या रानात एक निवांत दिवस

ब्राह्मणपुरी, सुलतानपूर, शहादा या नंदुरबारकडच्या पट्ट्यातली वडीलधारी मंडळी पहिल्यांदा परदेशी निघतात ती बहुधा मुलाकडे किंवा लेकीकडे. तिकडे फिरण्याची यादी आधीच तयार असते. सिंगापूरला असेल तर मरिना बे, सेंतोसा, युनिव्हर्सल स्टुडिओ आणि रात्रीची रोषणाई. चार दिवसांत नातवंडं चिडचिडी होतात, आजीचे गुडघे बोलू लागतात आणि सुनेच्या डोक्यात तिकिटांचा हिशेब घुमत राहतो. सिंगापुरात वर्षानुवर्षं राहिलेली मराठी कुटुंबं म्हणूनच नव्यांना सांगतात, की यादीतला एक अख्खा दिवस मोकळा ठेवा आणि घरच्या सगळ्यांना घेऊन राखीव रानात जा. तिकीट नाही, रांग नाही आणि कुठे वेळेवर पोहोचायची घाई नाही.

अख्खा देश एक शहर, नंदुरबार जिल्हा त्याच्या कितीतरी पट मोठा. तरी या शहराने चार राखीव निसर्गक्षेत्रं कायद्याने जपली आहेत. बुकित तिमाह, मधलं पाणलोट क्षेत्र, सुंगई बुलोह आणि लॅब्राडोर. पहिल्या खेपेला कुठे जायचं, हे घरातल्या सगळ्यात कमी चालणाऱ्या माणसावरून ठरवावं. गुडघेदुखी असलेली आजी आणि पाच वर्षांचं नातवंड बरोबर असेल, तर उत्तर एकच: सुंगई बुलोह.

सिंगापूरच्या वायव्य टोकाला, समुद्राच्या पट्टीलगत ही पाणथळ जागा आहे. पलीकडच्या काठावर मलेशियातल्या जोहोरच्या इमारती दिसतात. इथे पूर्वी कोळंबीची आणि माशांची तळी होती. १९८६ मध्ये पक्षी बघायला आलेल्या काही हौशी मंडळींच्या लक्षात आलं, की या ओसाड वाटणाऱ्या तळ्यांवर स्थलांतरित पक्षी थव्यांनी उतरतात. त्या वेळी हा भाग आधुनिक शेतीसाठी राखून ठेवलेला होता. मलायन नेचर सोसायटीच्या सिंगापूर शाखेने सरकारपुढे प्रस्ताव मांडला, १९८९ मध्ये ही जागा निसर्ग उद्यान ठरली, ६ डिसेंबर १९९३ रोजी लोकांसाठी खुली झाली आणि २००२ मध्ये तिला राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. ऊस, केळी, पपई पिकवणाऱ्या भागातून आलेल्या माणसाला या हकिगतीचं मोल चटकन कळतं. शेतीला मिळणारी जमीन पक्ष्यांसाठी सोडायची, तीही जागेची इतकी टंचाई असलेल्या देशाने, ही लहान गोष्ट नाही.

तापीकाठच्या माणसाला पूर माहीत असतो, भरती-ओहोटी माहीत नसते. सुंगई बुलोहचा दिवस मात्र भरती-ओहोटीवरच चालतो, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाच्या भरतीच्या वेळा मोबाइलवर बघाव्यात. ओहोटीला किनाऱ्यावरचा चिखल उघडा पडतो आणि पक्षी लांबवर पांगून खात बसतात. भरतीचं पाणी चढलं, की त्यांना उभं राहायला जागा उरत नाही. मग ते थव्यांनी आतल्या जुन्या तळ्यांकडे येतात. त्या तळ्यांतलं पाणी झडपा लावून मुद्दाम उथळ ठेवलेलं असतं. लाकडी आडोशात बसून फटीतून पाहिलं, तर सोनेरी चिखल्या, लाल पायांचे तुतवार, खाली वळलेल्या लांब चोचीचे कुरल समोर एका पायावर उभे असतात. सोनेरी चिखल्या सैबेरिया-अलास्काच्या टुंड्रात अंडी घालून इतक्या लांब येतो. पक्ष्यांच्या या मार्गाला पूर्व आशिया–ऑस्ट्रेलेशिया हवाईमार्ग म्हणतात. आपल्याकडच्या पाणवठ्यांवर हिवाळ्यात येणारे बहुतेक पाहुणे मध्य आशियाई मार्गाने येतात.

भरती ते ओहोटी, साधारण सहा तास. दोन्ही पाहायची तर घाई करून चालतच नाही, आणि जुनी कुटुंबं नेमकं हेच नव्यांच्या गळी उतरवू पाहतात. तासाभरात ‘पाहून झालं’ म्हणणाऱ्याला एकच बाजू दिसते. मंडळी तिथेच थांबली, एका बाकावर डबा उघडला, आजोबांनी जरा डोळा लावला, तर दुपारपर्यंत पाणी उतरतं आणि तिवरांच्या मुळांपाशी दुसरंच जग वर येतं.

कोकणातले लोक ज्याला निवटी म्हणतात तो मासा इथे उघड्या चिखलात दिसतो. डोक्याच्या अगदी वर बसवल्यासारखे दोन डोळे, कोपरांसारखे टेकवलेले पुढचे पर, आणि मध्येच चिखलातून उडी. तो पाण्याबाहेरही तग धरतो, कारण ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या आवरणातून प्राणवायू घेतो. अंग सुकू लागलं की चिखलात लोळून पुन्हा ओलं करतो. लहान मूल असा मासा बघत अर्धा तास सहज बसतं, आणि त्याला बसू द्यावं. खाडीवरच्या मोठ्या लाकडी पुलावर मात्र सगळ्यांनी कठड्यापासून आत राहावं. या खाडीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, पिंजऱ्यातल्या नव्हेत, मोकळ्या. पाट्या लावलेल्या आहेत, वाट सोडून खाली उतरायचं नाही. वाटेवर आडवी आलेली चार-पाच फुटी घोरपड आपल्या वाटेने निघून जाते. तिला रस्ता द्यावा आणि मुलांना मागे धावू देऊ नये.

दिवस कधीचा निवडावा? भारतातून पाहुणे जातात ते मे महिन्याच्या सुट्टीत, आणि त्या वेळी स्थलांतरित पक्षी नसतात. ते सप्टेंबर ते मार्चदरम्यान असतात, म्हणून दिवाळीच्या सुमाराची भेट उत्तम. नोव्हेंबरपासून तिथे पाऊस वाढतो. प्रत्येकाजवळ छत्री हवी आणि वीज कडाडू लागली की छपराखाली थांबायचं. दिवाळीचा फराळ नेणाऱ्यांसाठी एक जरूरीची गोष्ट: खसखस सिंगापुरात निषिद्ध मालात मोडते, तेव्हा अनारसे घरीच ठेवावेत. गुटखा, खैनी, जर्दा आणायला तर बंदीच आहे, आणि उद्यानांतलं धूम्रपानही १ जुलै २०२२ पासून बंद झालं आहे. आजोबांना हे विमानतळावर कळण्यापेक्षा गावातच कळलेलं बरं.

घड्याळाचंही समजून घ्यावं. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, आणि १९८२ पासून त्यांनी वेळ भूगोलापेक्षा आणखी पुढे ठेवलेली असल्यामुळे सूर्य बारा महिने सकाळी सातच्या आसपास उगवतो. सुंगई बुलोहचं फाटकही सातलाच उघडतं. पण तिथले सात म्हणजे गावाकडचे साडेचार. आदल्या रात्री उतरलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्या वेळी घराबाहेर काढू नये. पहिले तीन-चार दिवस गेले, की शेतकऱ्याचं शरीर आपोआप पहाटेला लागतं.

मेट्रोने क्रांजी स्थानकावर उतरून ९२५ क्रमांकाची बस धरायची. गाडीत खाणं-पिणं चालत नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत. दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा पिशवीत बंदच ठेवावा. आत खानावळ नाही असं धरूनच डबा घ्यावा, आणि पाणी प्रत्येकी लिटरभर तरी, कारण हवा दमट असते आणि घाम सुकत नाही. डेंग्यूचे डास तिथेही आहेत, तेव्हा पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत आणि डासांचं मलम लावावं.

आता सगळ्यात नाजूक विषय, माकडांचा.

आपल्याकडे माकडाला केळं देणं पुण्याचं. शनिवारी मारुतीच्या देवळापाशी वानराला चणे टाकणारी आजी काही वाईट करत नसते. पण सिंगापुरात २०२० पासून कोणत्याही वन्य प्राण्याला खायला घालणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी ५,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, म्हणजे आजच्या दराने तीन लाख रुपयांच्या वर. दंडाहून महत्त्वाचं आहे त्यामागचं कारण. आयतं खायची सवय लागलेलं माकड माणसाच्या हातातल्या पिशवीवर झडप घालतं, घरात शिरतं, चावतं. मग तक्रारी होतात आणि शेवटी जीव जातो तो माकडाचाच. मुलं हे लगेच समजून घेतात, आणि आजीला नातवानेच सांगितलं तर तीही ऐकते. प्लॅस्टिकची कॅरीबॅग हातात दिसू देऊ नये, कारण तिथल्या माकडांना तिच्यात खाणं असतं हे पक्कं ठाऊक झालंय. माकडाच्या डोळ्यांत बघून दात काढून हसणं त्याला धमकी वाटते. पिल्लू जवळ असेल तर थांबावं आणि कळपाला जाऊ द्यावं.

ही माकडं सगळ्यात जास्त भेटतात ती बुकित तिमाहला. धडधाकट पोरांचं रान ते. देशातला सर्वांत उंच डोंगर असला तरी उंची जेमतेम १६३ मीटर. तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे आपल्या माणसांना तो टेकडीच वाटतो. चढ मात्र उभा आहे, आणि डांबरी वाटेनेही दम लागतो. १८८३ मध्ये राखीव झालेलं हे जंगल आकाराने लहान, पण जीवांनी गजबजलेलं. १८५४ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गशास्त्रज्ञ इथे राहिला आणि दोनेक महिन्यांत त्याने भुंगेऱ्यांच्या सुमारे ७०० जाती गोळा केल्या. त्या वेळी या रानात वाघ होते, वाघांसाठी खोदलेले खड्डेही होते. आता वर शेपटीला दोन लांब पिसं मिरवणारा भृंगराज दिसतो, आणि नशीब असेल तर दिवसा झाडाच्या बुंध्याला चिकटून झोपलेला कोलुगो नावाचा प्राणी. जवळच्या मॅकरिची तलावापाशी झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा २५० मीटर लांबीचा झुलता पूलही आहे. पण तिथे जाऊन परतायचं म्हणजे कित्येक किलोमीटर पायपीट, पूल एकाच दिशेने ओलांडायचा आणि सोमवारी बंद. वडीलधाऱ्यांना तिथे नेऊ नये.

इतर देशांत गेलेल्यांना रीत तीच लागू पडते, बारकावे बदलतात. लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये हरणं मोकळी फिरतात. त्यांच्यापासून ५० मीटर तरी अंतर ठेवावं, आणि पाडसांच्या व माजाच्या दिवसांत त्याहून जास्त. न्यू जर्सीतल्या ग्रेट स्वॅम्पच्या दलदलीवर विमानतळ होऊ घातला होता. आसपासच्या लोकांनी पैसे जमवून जमीन विकत घेतली, सरकारला दिली, आणि १९६० मध्ये तिथे अभयारण्य झालं. तिथे गवतातून चालून आल्यावर मुलांचे पाय, काखा आणि केसांच्या मुळांजवळची जागा नीट तपासावी, कारण तिथल्या गोचिडींमुळे लाइमचा आजार होतो. गुराढोरांच्या गोचिडी पाहिलेल्या माणसाला इतकं सांगितलं की पुरतं.

सिंगापूरला जाणाऱ्यांनी व्हिसाबरोबर आगमन कार्डही लक्षात ठेवावं. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं, त्याला पैसे लागत नाहीत. रानातून परतताना कुणाला भाकरी नाही तरी गरम पोळी-भाजीची आठवण आली, तर क्रांजीहून न्यूटनला गाडी बदलून लिटल इंडियाला उतरावं. सेरंगून रस्त्यावर शाकाहारी थाळी रात्री उशिरापर्यंत मिळते. बुकित तिमाहहून येणाऱ्यांना ब्यूटी वर्ल्ड स्थानकावरून गाडी बदलावीही लागत नाही.