अभ्यासपाठ : वाचलेला वेळ

मागच्या उपासनेत प्रश्न निघाला होता, इतकी यंत्रं आली तरी वेळ का पुरत नाही? त्यावर हा पाठ. घरी एकाने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा.

इंदूरच्या मंडळींना उदाहरणासाठी लांब जायला नको. 2013 साली ए.बी. रोडवर बीआरटीएस सुरू झाला. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटर, मधोमध बससाठी वेगळी लेन. बस वेगाने जाईल, लोक गाड्या घरी ठेवतील, सगळ्यांचाच वेळ वाचेल, असं तेव्हा वाटलं होतं. यातलं पहिलं खरं झालं हो! आय-बसने जाणारे विद्यार्थी, नोकरदार पटकन पोचायचे. पण गाड्या काही घरी राहिल्या नाहीत. त्या शेजारच्या लेनमध्ये अडकल्या, आणि अडकलेल्यांच्या डोळ्यांत मोकळी बस-लेन खुपू लागली. फेब्रुवारी 2025 मध्ये हायकोर्टाने बीआरटीएस काढायला परवानगी दिली. त्याच वर्षी 31 मे रोजी सुपर कॉरिडॉरवर मेट्रो सुरू झाली, पाच स्टेशनं, सहाएक किलोमीटर. आशा पुन्हा तीच. मेट्रो वाईट असं आम्ही म्हणत नाही, बससुद्धा वाईट नव्हती. यंत्र रस्ता देतं. 'आधी मी' ही घाई मात्र ते काढून घेत नाही.

आता घरात येऊ. 2013 च्याच जुलैत आपल्याकडची तारसेवा बंद झाली. तार आली की घर दचकायचं. ट्रंक कॉल लावायचा तर बुक करून तासन्‌तास बसायचं, आणि मिळायची तीन मिनिटं. काय बोलायचं ते आधीच ठरलेलं असे. त्या काळाचं उगाच कौतुक नको. बातमी उशिरा पोचली म्हणून शेवटची भेट हुकली, अशी घरं आपल्यातही आहेत. आज पुण्याच्या मावशीचा चेहरा क्षणात दिसतो, ही देणगीच. पण तिला रोज जातं काय? गुलाबाचं फूल आणि 'सुप्रभात'. तिच्याकडूनही तसंच फूल येतं. दोन निळ्या खुणा दिसल्या की विचारपूस झाली, असं दोन्हीकडे धरलं जातं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय हे मग तिसऱ्याच कुणाकडून कळतं.

जपाचंही तसंच. बोटात घालायचा काउंटर सोयीचा आहे, प्रवासात जरूर वापरावा. पण माळेला मेरुमणी असतो, तो ओलांडायचा नसतो, तिथून माळ फिरवायची. भरकटलेलं मन तिथे सापडतं. काउंटरला मेरुमणी नाही, आकडा नुसता पुढे जातो.

या आठवड्याचा अभ्यास : ज्यांना आपल्याकडून फक्त चित्रं जातात, असं एक नाव प्रत्येकाने निवडावं. मुलांनीसुद्धा. काय विचारायचं ते आधी ठरवून फोन लावावा. ट्रंक कॉलइतकी तीन मिनिटं पुरेत. रविवारी उपासनेनंतर एवढंच सांगायचं, त्यांच्याबद्दल नवीन काय कळलं.