फिक्या पडलेल्या होडीस पुन्हा तेज कसे आणावे?

कोकणच्या किनाऱ्यावर आज लाकडी होड्यांच्या जोडीने फायबरच्या होड्याही पुष्कळ दिसतात. ह्या होड्या काचतंतू व राळ यांच्या बनविलेल्या असून त्यांच्या बाहेरच्या अंगास रंगीत राळेचा एक थर असतो. त्यास जेलकोट म्हणतात. नवी होडी आरशासारखी चकाकते. परंतु काही वर्षे ऊन खाल्ल्यावर तिचा रंग पांढुरका पडतो, आणि हात फिरविला असता बोटांस खडूसारखी भुकटी लागते. नवा रंग न देता, केवळ हाताने घासून, हे तेज परत कसे आणावे ते आम्ही येथे सांगणार आहो.

प्रथम कारण पाहू. सूर्याच्या अतिनील किरणांनी वरची राळ झिजते व पृष्ठभागावर सूक्ष्म खळगे पडतात. गुळगुळीत पृष्ठावरून प्रकाश एका दिशेने परततो, खडबडीत पृष्ठावरून तो चोहोकडे विखुरतो. म्हणून रंग फिका भासतो. विद्यार्थ्यांनी फिक्या भागावर ओंजळभर पाणी टाकून पाहावे. पाण्याने खळगे भरतात व मूळ रंग क्षणभर खुलतो. तो खुलला, म्हणजे खालचा रंग शाबूत आहे व श्रम फुकट जाणार नाहीत, असे समजावे.

आता कृती. होडी सावलीत घ्यावी. गोड्या पाण्याने व साबणाने मीठ, रेती व तेलकटपणा धुऊन काढावा. रेतीचा एक कण राहिला तरी ओरखडे उठतात. होडी कोरडी झाल्यावर सुमारे दोन फूट लांबरुंद भागच हाती धरावा. सुती फडक्यावर थोडे रबिंग कंपाउंड घेऊन गोलाकार घासावे व स्वच्छ फडक्याने पुसावे. एवढ्याने तेज न आले, तरच 1000, मग 1500, मग 2000 क्रमांकाचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा व पुन्हा कंपाउंड लावावे. नंतर बारीक पॉलिश, व शेवटी मेणाचा पातळ हात द्यावा. नाकातोंडावर पट्टी व हातांत मोजे असावेत. पाण्याखालच्या भागास शेवाळ व शिंपले रोखणारा विषारी रंग दिलेला असतो. त्यास मुलांनी हात लावू नये.

येथे एक गोष्ट ध्यानी धरली पाहिजे. जेलकोटाची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटरच असते. प्रत्येक घासणीत त्यातला थोडा अंश कायमचा जातो. खालचे काचतंतू डोकावू लागले, की पाणी आत शिरण्यास वाट होते. म्हणून तेज दिसू लागताच हात थांबविणे, हेच ह्या कामातील खरे कौशल्य होय.

मेण मात्र झिजण्यासाठीच लावावयाचे असते. ते ऊन व खारे पाणी आपल्या अंगावर घेते, संपते, आणि पुन्हा लावता येते. पूर्वी लाकडी होड्यांस माशांचे तेल वरचेवर चोपडीत, त्यातही हेच तत्त्व होते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारण्याची आमच्या कोळी बांधवांची रीतही तशीच शहाणपणाची आहे. जी होडी वेळेवर झाकली जाते, तिला घासण्याची पाळी क्वचितच येते.